महाराष्ट्रातील सुन्नी मुस्लिमांचे मृत्यूनंतरचे लोकाचार आणि इस्लामी विधिशास्त्र : वारसांच्या हक्कांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाराष्ट्रातील सुन्नी मुस्लिम समाजात दफनानंतर तिसऱ्या, दहाव्या, विसाव्या आणि चाळिसाव्या दिवशी काही विधी केले जातात. हे विधी शरीअतशी सुसंगत आहेत किंवा नाहीत, याची चर्चा बहुधा 'बिद्‌अत' म्हणजे धर्मात नव्याने घातलेली भर या एकाच कल्पनेभोवती फिरते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न तीन भागांत विभागला आहे : अनिवार्य विधी, पुण्यार्पणाचे विधी आणि मृताच्या मालमत्तेवरील हक्क. पहिल्या भागात मतभेद अल्प आहेत. दुसऱ्यात ते तीव्र आहेत. तिसऱ्या भागात विविध पंथांचे बहुतांशी एकमत आहे. तथापि ज्या भागात एकमत आहे, त्याचेच उल्लंघन व्यवहारात सहजपणे होते आणि त्याची झळ विधवा व अज्ञान मुले यांना बसते, हे येथे स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

बीजशब्द : उर्फ, बिद्‌अत, ईसाले सवाब, जियारत, मेहर, तरका, इद्दत

१. प्रस्तावना

मृत्यू ही सर्व समाजांत समान घटना असली तरी मृत्यूनंतरचे आचार प्रदेशागणिक बदलतात. इस्लाम ज्या ज्या प्रदेशात गेला, तेथील शोकाच्या रीती त्याच्या अनुयायांच्या जीवनात कमीअधिक प्रमाणात टिकून राहिल्या किंवा नव्या रूपात आल्या. महाराष्ट्रही याला अपवाद नाही. दख्खनमधील मुस्लिमांच्या आचारांचे सविस्तर वर्णन जाफर शरीफ यांच्या 'कानून-ए-इस्लाम' या ग्रंथात आढळते. जी. ए. हर्क्लोट्स यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिसऱ्या दिवशीची जियारत, कबरीवर फुले व सुवासिक पूड वाहणे, पुढील ठरावीक दिवशी फातिहा व अन्नदान या आचारांची परंपरा त्यावरून किमान दोन शतकांची ठरते.

येथे एक मर्यादा प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील बोहरा, खोजा व इतर शिया समुदायांचे विधी आणि त्यांचे विधिशास्त्र स्वतंत्र आहे. त्यामुळे प्रस्तुत विवेचन सुन्नी समाजापुरते सीमित आहे. सुन्नी समाजातही दोन विधिपरंपरा आहेत. देशावरील, मराठवाड्यातील व विदर्भातील बहुसंख्य मुस्लिम हनफी परंपरेचे आहेत. तर अरब व्यापाराशी प्राचीन संबंध असलेल्या कोकण किनारपट्टीवरील मुस्लिम प्रामुख्याने शाफिई परंपरेचे आहेत. माहीम येथील विख्यात विद्वान मखदूम अली माहिमी (मृत्यू १४३१) हे याच शाफिई परंपरेतील होत. त्यामुळे 'शरीअत काय सांगते?' या प्रश्नाचे उत्तर खेड आणि लातूर येथे काही तपशिलांत वेगळे असू शकते.

२. लोकाचाराचे विधिशास्त्रातील स्थान

लोकाचार आणि शरीअत हे परस्परांचे शत्रू होत, असा एक समज आहे. इस्लामी विधिशास्त्राची स्वतःची भूमिका मात्र इतकी सरळ नाही. समाजमान्य रूढीला तेथे 'उर्फ' किंवा 'आदत' अशी संज्ञा आहे. विधिशास्त्राच्या पाच पायाभूत सूत्रांपैकी एक सूत्र रूढीला निर्णायक मानणारे आहे. शाफिई विद्वान सुयूती (मृत्यू १५०५) आणि हनफी विद्वान इब्न नुजैम (मृत्यू १५६३) या दोघांनीही आपापल्या ग्रंथांत त्याचे विवेचन केले आहे. एकोणिसाव्या शतकात ऑटोमन राज्याने केलेल्या 'मजल्ला' या संहितेतही हे सूत्र ३६ व्या कलमात समाविष्ट झाले. मेहर ठरवताना कुटुंबातील इतर स्त्रियांचा मेहर पाहणे, करारातील संदिग्ध शब्दांचा प्रचलित अर्थ घेणे, अशा अनेक बाबतींत रूढीच निर्णय देते.

परंतु रूढीला हे स्थान अटींवर मिळते. ती स्पष्ट धर्मवचनाच्या विरोधात नसावी, ती समाजात सर्वसाधारणपणे प्रचलित असावी आणि तिच्यामुळे दुसऱ्याच्या प्रस्थापित हक्काचा लोप होऊ नये. याखेरीज विधिज्ञ एक महत्त्वाचा भेद करतात. उपासनेच्या क्षेत्रात (इबादात) जे विहित आहे तेवढेच करावयाचे; तेथे नवी भर घालण्यास मुभा नाही. दैनंदिन व्यवहाराच्या क्षेत्रात (आदात व मुआमलात) मात्र जे निषिद्ध नाही ते मोकळे आहे.

मृत्यूनंतरच्या आचारांतील गुंतागुंत येथेच निर्माण होते. जनाज्याची नमाज ही उपासना आहे. सांत्वनासाठी एकत्र जमणे, जेवण पोहोचवणे, खाट किंवा चादर वापरणे हा व्यवहार आहे. एखादा व्यवहार उपासनेचे रूप घेऊ लागला, म्हणजे तो विशिष्ट दिवशी आणि विशिष्ट पद्धतीने केलाच पाहिजे व न केल्यास मृताचे अकल्याण होते असे मानले जाऊ लागले, की वाद उद्भवतो. म्हणून एखाद्या रूढीचे केवळ बाह्य रूप पाहून तिच्याविषयी निर्णय देता येत नाही. तिच्यामागील समजूत कोणती आहे आणि तिचा खर्च कोणाच्या पैशातून होतो, हे दोन्ही पाहावे लागते.

३. अनिवार्य विधी

मृताला स्नान घालणे (गुस्ल), कफन देणे, जनाज्याची नमाज पढणे आणि दफन करणे ही चार कर्तव्ये 'फर्ज-ए-किफाया' या प्रकारात मोडतात. म्हणजे समाजातील काही व्यक्तींनी ती पार पाडली तर सर्वांचे उत्तरदायित्व संपते. कोणीच पार पाडली नाहीत तर सर्व समाज दोषी ठरतो. बेवारस मृतदेहांच्या दफनासाठी स्थानिक जमाती पुढाकार घेतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

या चार कर्तव्यांच्या तपशिलात हनफी व शाफिई परंपरांत काही भेद आहेत. जनाज्याच्या नमाजेत शाफिई मतानुसार सूरह फातिहा आवश्यक आहे; हनफी मतानुसार ती प्रार्थना म्हणून म्हणता येते, पठण म्हणून नव्हे. परगावी निधन पावलेल्या व्यक्तीसाठी अनुपस्थितीत नमाज पढणे शाफिई परंपरेत ग्राह्य आहे, हनफी परंपरेत नाही. कोकणातील अनेक कुटुंबांतील पुरुष आखाती देशांत नोकरीस असतात; त्यांच्यापैकी कोणाचे तेथे निधन होऊन दफनही तेथेच झाल्यास गावी नमाज पढण्याची सोय या मतामुळे होते. कबरीचा वरचा भाग शाफिई मतानुसार सपाट, तर हनफी मतानुसार उंटाच्या वशिंडाप्रमाणे किंचित उंच असणे श्रेयस्कर मानले जाते. अशा भेदांमुळे कोणाचाही विधी अवैध ठरत नाही.

स्थानिक परिस्थितीला विधिशास्त्राने वाव दिल्याचे उदाहरण म्हणून कबरीच्या रचनेकडे पाहता येईल. कबरीच्या तळाशी एका बाजूस कोनाडा खोदून त्यात देह ठेवण्याची 'लहद' पद्धत श्रेयस्कर मानली जाते. परंतु माती भुसभुशीत असेल तर मधोमध चर खोदून त्यावर फळ्या अथवा लाद्या टाकण्याची 'शक' पद्धत योग्य ठरते. काळ्या मातीत लहद टिकत नाही. तेथे शक पद्धतीचा अवलंब ही तडजोड नसून शास्त्रसंमत निवड आहे.

याउलट काही ठिकाणी लोकसमजूत शास्त्रापेक्षा अधिक कठोर झालेली आढळते. पत्नीच्या मृत्यूने विवाहसंबंध संपतो, म्हणून पतीने तिचे मुखदर्शनही घेऊ नये, अशी समजूत अनेक घरांत आहे. वस्तुतः शाफिई मतानुसार पती मृत पत्नीला स्नानही घालू शकतो. हनफी मत त्याला स्नान घालण्यास व स्पर्श करण्यास मनाई करते; परंतु मुखदर्शनास तेथेही प्रत्यवाय नाही. शोकाच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. मृताचे गुण आळवीत आक्रोश करणे, छाती बडवणे हे हदीसमध्ये निषिद्ध आहे. अश्रू मात्र निषिद्ध नाहीत. पुत्र इब्राहीम यांच्या मृत्युसमयी प्रेषितांच्या डोळ्यांत अश्रू आल्याचे हदीसग्रंथांत नमूद आहे.

४. जियारत ते चाळिसावा : पुण्यार्पणाचे विधी

दफनानंतर तिसऱ्या दिवशी जियारत होते. आप्तेष्ट मशिदीत किंवा घरी जमून कुरआनचे पठण करतात. भाजलेल्या चण्यांवर अथवा खजुराच्या बियांवर कलम्याची मोजदाद होते. कबरीवर फुले वाहिली जातात. त्यानंतर दहावा, विसावा, चाळिसावा आणि वर्षाने बरसी असा क्रम असतो. प्रत्येक वेळी फातिहा देऊन अन्न वाटले जाते. चाळिसाव्याच्या दिवशी बहुधा मोठे जेवण होते.

या क्रमाचे हिंदू समाजातील तिसरा, दहावा, तेरावा व वर्षश्राद्ध यांच्याशी असलेले साम्य सहज लक्षात येते. त्यावरून हे विधी शेजारधर्मातून आले व म्हणून त्याज्य आहेत, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. हा युक्तिवाद पूर्णपणे समाधानकारक नाही. इजिप्तमध्येही चाळिसावा दिवस पाळला जातो. जावा बेटावर तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा आणि हजारावा दिवस पाळण्याची प्रथा आहे. एकाच उगमाने या सर्वांचे स्पष्टीकरण होत नाही. शिवाय केवळ उगमावरून रूढीचा निवाडा करणे हे विधिशास्त्राच्या पद्धतीत पुरेसे ठरत नाही. इतर धर्मीयांच्या धार्मिक चिन्हांचे अनुकरण करू नये, हे तत्त्व विधिज्ञ मानतात. परंतु प्रत्येक सामाजिक साम्याला ते लागू करीत नाहीत.

प्रश्नाचे मूळ 'ईसाले सवाब' या कल्पनेत आहे. जिवंत व्यक्तीने केलेल्या सत्कर्माचे पुण्य मृताला अर्पण करणे, असा तिचा अर्थ. प्रार्थना व दानधर्म यांचा लाभ मृताला होतो, याबद्दल सुन्नी परंपरांत मतभेद नाही. कुरआनपठणाचे पुण्यही पोहोचते, असे हनफी विधिज्ञ मानतात. इमाम शाफिई यांचे प्रसिद्ध मत यापेक्षा भिन्न आहे. मात्र पठणानंतर ते पुण्य मृताला मिळावे अशी प्रार्थना केल्यास ते पोहोचते, असे उत्तरकालीन अनेक शाफिई विद्वानांनी मान्य केले.

अर्थात पुण्यार्पण वैध आहे, हे मान्य केल्यावर वाद उरतो तो दिवस ठरवण्याचा. या मुद्द्यावर भारतीय उपखंडात दोन प्रवाह निर्माण झाले. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या देवबंदच्या दारुल उलूमशी संबंधित विद्वानांनी तिसरा, दहावा, चाळिसावा या ठरावीक दिवसांना बिद्‌अत मानले. अशरफ अली थानवी यांच्या 'बहिश्ती जेवर' या सर्वदूर पोहोचलेल्या ग्रंथात अशा रीतींवर कठोर टीका आहे. बरेलीचे अहमद रजा खान (१८५६–१९२१) यांनी मात्र दिवस ठरवणे ही केवळ सोय असून मूळ कर्म पुण्यप्रद असल्याने ते वैध आहे, अशी भूमिका घेतली. या दोहोंमध्ये दुवा ठरेल असे मत हाजी इम्दादुल्लाह मुहाजिर मक्की (१८१७–१८९९) यांचे आहे. ते देवबंदच्या संस्थापकांचे आध्यात्मिक गुरू होते. लोकांना एकत्र येणे सोपे जावे म्हणून दिवस ठरवण्यास त्यांची हरकत नव्हती. त्या दिवसालाच धार्मिक अनिवार्यता आहे असे मानणे त्यांना मान्य नव्हते.

विधिशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा वाद वरील विभागात सांगितलेल्या भेदापाशीच येतो. चाळिसाव्या दिवशी नातेवाइकांना रजा मिळते म्हणून पठण ठेवणे हा व्यवहार आहे. एकोणचाळिसाव्या दिवशी केलेले पठण व्यर्थ जाईल, असे मानणे ही उपासनेत घातलेली भर आहे. दोन्ही प्रसंगी बाहेरून दिसणारे कृत्य मात्र एकच असते. या कारणामुळे हा वाद गावोगावी मिटत नाही.

५. मृताघरचे जेवण आणि वारसांचा हक्क

पुण्यार्पणाच्या प्रश्नावर मतभेद असले तरी मृताच्या घरी होणाऱ्या जेवणाच्या प्रश्नावर चित्र वेगळे आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत घरात मृत्यू झाला की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारी व भावकीतील घरे भाकरी-पिठले आणून देतात. हिंदू व मुस्लिम दोन्ही घरांत ही रीत आहे. ही रूढी शरीअतशी केवळ सुसंगतच नव्हे, तर तिला प्रेषितांच्या आदेशाचा आधार आहे. चुलतबंधू जाफर हे युद्धात मृत्यू पावल्याची वार्ता आली तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांसाठी अन्न तयार करण्यास प्रेषितांनी सांगितले, असे अबू दाऊद व तिरमिजी यांच्या हदीससंग्रहांत आहे. दुःखात असलेल्या कुटुंबावर स्वयंपाकाचा भार पडू नये, हा त्यातील हेतू स्पष्ट आहे.

याच्या उलट दिशेने जाणारी रूढी, म्हणजे मृताच्या कुटुंबाने जमलेल्यांना जेवू घालणे, विधिज्ञांनी अमान्य केली आहे. मृताच्या घरी जमणे आणि तेथे अन्न शिजवणे यांची गणना प्रेषितांचे सहकारी निषिद्ध विलापात करीत असत, असे जरीर बिन अब्दुल्लाह यांचे कथन इब्न माजा यांच्या संग्रहात आहे. हनफी विधिज्ञ इब्नुल हुमाम (मृत्यू १४५७) यांनी मेजवानी आनंदप्रसंगी विहित आहे, दुःखप्रसंगी नव्हे, असे कारण देऊन ही रूढी निंद्य ठरवली. शाफिई विद्वान नववी (मृत्यू १२७७) यांचाही कल असाच आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा 'फतावा आलमगिरी'मध्ये आहे. औरंगजेबाच्या आज्ञेने सतराव्या शतकात संकलित झालेल्या या हनफी ग्रंथानुसार, गरिबांसाठी अन्नदान करणे चांगले. परंतु वारस सज्ञान असतील तरच. वारसांत एखादे अज्ञान मूल असेल तर तो खर्च मृताच्या अविभक्त मालमत्तेतून करता येत नाही. ठरावीक दिवसांच्या बाबतीत उदार असलेले अहमद रजा खान यांनीही या मुद्द्यावर कोणतीही सवलत दिलेली नाही. मृताघरच्या मेजवानीविरुद्ध त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. ज्या दोन प्रवाहांचे जियारतीवर एकमत होत नाही, त्यांचे अज्ञान वारसांच्या हिश्श्यावर एकमत आहे.

या एकमताचे कारण वारसा कायद्याच्या रचनेत आहे. मृताच्या मालमत्तेतून (तरका) पुढील क्रमाने रक्कम वजा होते : प्रथम दफनाचा वाजवी खर्च, नंतर कर्जे, ज्यांत पत्नीच्या न दिलेल्या मेहरचा समावेश होतो, नंतर उरलेल्या मालमत्तेच्या एक-तृतीयांश मर्यादेत मृत्युपत्रातील दाने, आणि शेवटी वारसांत वाटणी. दफनाच्या खर्चात कफन, स्नान, कबर खोदणे, वाहतूक यांचा समावेश होतो; जेवणाचा होत नाही. मृत्यूच्या क्षणीच वारसांचा हक्क निर्माण होत असल्याने चाळिसाव्याचा खर्च 'मयताच्या पैशातून' केला, असे शास्त्रदृष्ट्या म्हणताच येत नाही. तो पैसा तोपर्यंत इतरांचा झालेला असतो.

एका काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. एका गृहस्थाच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. आईवडील हयात नाहीत. तिन्ही अपत्ये अज्ञान आहेत. मालमत्ता ५,००,००० रुपयांची आहे. दफनाचा खर्च २०,००० रुपये, मेहर ५०,००० रुपये व हातउसने कर्ज ३०,००० रुपये वजा केल्यावर ४,००,००० रुपये उरतात. पत्नीचा एक-अष्टमांश हिस्सा ५०,००० रुपये होतो. उरलेल्या ३,५०,००० रुपयांत प्रत्येक मुलाचा हिस्सा १,४०,००० रुपये आणि मुलीचा ७०,००० रुपये. आता वाटणीपूर्वीच चाळिसाव्याच्या जेवणावर ६०,००० रुपये खर्च झाले, असे मानू. त्यांपैकी ७,५०० रुपये पत्नीच्या, प्रत्येकी २१,००० रुपये दोन्ही मुलांच्या आणि १०,५०० रुपये मुलीच्या हिश्श्यातून जातात. म्हणजेच ६०,००० पैकी ५२,५०० रुपये पोरक्या मुलांचे असतात. मुलांनी संमती दिली तरी ती निरर्थक आहे. कारण निव्वळ नुकसानीच्या व्यवहाराला अज्ञान व्यक्तीची संमती मुळात ग्राह्यच नाही आणि पालकालाही तिच्या वतीने दान करता येत नाही.

अनाथांची संपत्ती अन्यायाने खाणाऱ्यांना कुरआनच्या चौथ्या अध्यायातील दहाव्या आयतीत अत्यंत कठोर इशारा आहे. चाळिसाव्याच्या पंक्तीला बसणाऱ्या पाहुण्याच्या मनात हा विचार सहसा येत नाही. किंबहुना आपण मृताच्या पुण्यात भर घालीत आहोत, अशीच त्याची प्रामाणिक भावना असते.

खर्चाचा निर्णय कोण घेतो, हाही प्रश्न येथे विचारात घ्यावा लागतो. व्यवहारात हा निर्णय बहुधा चुलता किंवा थोरला भाऊ घेतो. भारतात लागू असलेल्या मुस्लिम कायद्यानुसार अज्ञान मुलाच्या संपत्तीचा पालक प्रथम पिता, नंतर पित्याने मृत्युपत्राने नेमलेली व्यक्ती, नंतर आजोबा आणि त्यांनी नेमलेली व्यक्ती हाच असतो. न्यायालयाने नियुक्त केल्याखेरीज चुलता, भाऊ किंवा आईदेखील संपत्तीचे कायदेशीर पालक ठरत नाहीत. ज्याला अधिकार नाही त्याने, ज्यांना संमती देता येत नाही त्यांच्या पैशातून, जे विहित नाही ते करणे, असे या रूढीचे विधिशास्त्रीय स्वरूप आहे. सज्ञान वारसाने वाटणीनंतर स्वतःच्या हिश्श्यातून अथवा स्वतःच्या कमाईतून अन्नदान केल्यास मात्र हा आक्षेप उरत नाही.

६. विधवेचे स्थान : मेहर आणि इद्दत

मेहर हे कर्ज असल्याने त्याची वसुली वारसांच्या वाटणीपूर्वी व्हावयास हवी. तथापि काही कुटुंबांत जनाजा उचलण्यापूर्वी पत्नीला पतीच्या देहाजवळ आणून 'मेहर माफ केला' असे वदवून घेण्याची रूढी आहे. पतीवर ऋणाचा भार राहू नये, ही त्यामागील धार्मिक भावना असते. कुरआनच्या चौथ्या अध्यायातील चौथ्या आयतीनुसार पत्नीने मेहरमधील काही भाग स्वखुशीने सोडला तरच तो पतीला घेता येतो. सभोवती सासरची मंडळी उभी असताना आणि पतीचा देह समोर असताना मिळवलेल्या होकाराला स्वखुशी म्हणणे कठीण आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९२० मध्ये, पतीच्या मृत्यूच्या दुःखाने व्याकूळ असलेल्या पत्नीने केलेली मेहरमाफी बंधनकारक नाही, असा निर्णय दिला. मृताचे ऋण फेडण्याचा मार्ग त्याच्या मालमत्तेतून जातो, विधवेच्या मौनातून नव्हे, असेच शास्त्र आणि न्यायालय दोघांचेही म्हणणे आहे. कायदेशीरपणे ताब्यात आलेली पतीची मालमत्ता मेहर मिळेपर्यंत ताब्यात ठेवण्याचा हक्कही विधवेला आहे.

इद्दतीच्या बाबतीत लोकाचाराने कालमर्यादाच पुसून टाकलेली दिसते. पतीनिधनानंतर चार चांद्रमास व दहा दिवस, आणि पत्नी गरोदर असल्यास प्रसूतीपर्यंत, पुनर्विवाह व साजशृंगार वर्ज्य आहे. ही मुदत संपल्यावर तिला सर्व मोकळीक आहे. परंतु बांगड्या व काळी पोत काढल्यावर ती पुन्हा कधीच न घालणे, रंगीत वस्त्रे कायमची वर्ज्य करणे आणि पुनर्विवाह अप्रतिष्ठेचा मानणे, ही रूढी चार महिने दहा दिवसांचा शोक आजन्म लांबवते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी रायबरेलीचे सय्यद अहमद यांनी स्वतः आपल्या भावाच्या विधवेशी विवाह करून या समजुतीला विरोध दर्शवला होता. जियारतीला हरकत घेणारे आणि तिचे समर्थन करणारे, अशा दोन्ही प्रकारच्या घरांत ही रूढी टिकून असणे लक्षणीय आहे.

७. कबर आणि आपत्कालीन परिस्थिती

कबरीला चुन्याचा गिलावा करणे आणि तिच्यावर बांधकाम करणे यांस हदीसमध्ये मनाई आहे. तरीही दख्खनमध्ये भव्य मकबरे उभे राहिले. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील बीबी का मकबरा आणि तेथून जवळच खुलदाबाद येथील औरंगजेबाची मूळची साधी, आकाशाखाली उघडी असलेली कबर ही एकाच घराण्यातील दोन टोके होत. आज हा प्रश्न सौंदर्याचा नसून जागेचा आहे. देह मातीत मिसळून गेल्यावर त्याच जागी पुन्हा दफन करण्यास विधिज्ञ अनुमती देतात. म्हणून शहरांतील कब्रस्तानांत पक्क्या बांधकामाला मज्जाव करण्याचा नियम शास्त्रसंमत तर आहेच, शिवाय पुढील पिढीच्या हक्काचे रक्षणही करतो.

विधिशास्त्राची लवचिकता करोना साथीच्या काळात दिसून आली. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महानगरपालिकेने करोनाने मृत झालेल्या सर्वांचे दहन करण्याचे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी त्यात बदल केला. वांद्रे येथील कब्रस्तानांतील दफनाविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी फेटाळल्या. त्या काळात स्नान, मोठी जमाअत, मुखदर्शन यांत कपात झाली. 'अगतिकता निषिद्धाला मुभा देते' या सूत्राच्या आधारे विद्वानांनी ती मान्य केली. चाळिसाव्याची जेवणेही बंद राहिली आणि कोणाचाही दफनविधी त्यामुळे अपुरा ठरला नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, मृत्यूनंतरच्या लोकाचारांविषयी 'इस्लामी' अथवा 'अनिस्लामी' असा सरसकट निवाडा देणे विधिशास्त्राच्या पद्धतीला धरून नाही. शेजाऱ्यांनी अन्न पोहोचवणे ही रूढी शास्त्राला पोषक आहे. कबरीची स्थानिक रचना शास्त्रसंमत आहे. ठरावीक दिवसांचा प्रश्न विवाद्य आहे. मृताघरची मेजवानी, देहासमोरची मेहरमाफी आणि आजन्म वैधव्यचिन्हे या रूढी मात्र शास्त्राशी विसंगत आहेत.

दुसरी, समाजातील चर्चेचा भर आणि शास्त्राचा भर यांत तफावत आहे. व्याख्याने, पुस्तिका आणि मशिदींतील वाद यांचा रोख विवाद्य भागावर असतो. निर्विवाद भागाकडे दुर्लक्ष होते. तिसरी, मुस्लिम वैयक्तिक कायदा (शरीअत) अधिनियम, १९३७ मध्ये जियारत किंवा चाळिसावा यांचा उल्लेख नाही. परंतु वारसा, मेहर आणि पालकत्व या विषयांत रूढीऐवजी शरीअत लागू करण्याची तरतूद त्यात आहे. त्यातून शेतजमिनीच्या वारशाचा अपवाद केलेला असला, तरी ज्या तीन मुद्द्यांवर लोकाचार विधवेवर आणि अज्ञान मुलांवर अन्याय करतो, ते तिन्ही विषय विधिमंडळाने रूढीच्या कक्षेबाहेर काढलेले आहेत.

यावरून एक व्यावहारिक सूचना करता येते. दफनानंतरच्या पहिल्या बैठकीतच कर्जे, मेहर आणि वारस यांची लेखी नोंद करण्याची पद्धत स्थानिक जमातींनी रूढ केली, तर ती स्वतःच एक उपयुक्त उर्फ ठरेल. त्यासाठी जियारतीच्या वैधतेवर एकमत होण्याची वाट पाहावी लागणार नाही. जियारत करणारा आणि न करणारा, दोघेही त्या नोंदीवर सारख्याच श्रद्धेने सही करू शकतील.